सुकतीचा हिशेब

कॅलेंडरचं मार्चचं पान उलटं करून
मी तीन रंगांत यादी केली.
निळा : येतं. हिरवा : येईल. लाल : देव जाणे.
सीईटीला एकोणीस दिवस,
आणि लाल रिफिल आधी संपली.

कुडाळच्या क्लासचे पडते सर म्हणतात,
गणिताला दोन-दोन गुण, तेव्हा गणित आधी.
अकरावीचं वीस टक्के.
त्यावर महिना घालवणारा शेजाऱ्याची बाग शिंपतो
आणि स्वतःच्या परसात गवत वाढवतो.
इंटिग्रेशन धरा. व्हेक्टर्स धरा.
इलेक्ट्रोकेमिस्ट्री सोडू नका.
पॉलिमर काय, झोपेतही होतं.
वर्ग हसला.
मला पॉलिमर झोपेत होत नव्हतं.

कोणाला सांगितलं नाही,
पण रोज रात्री मी मॅथेमॅटिकल लॉजिकच सोडवते.
चौथ्यांदा.
खरं, खोटं, खरं, खरं,
तक्ता भरत जातो, पान नीटस दिसतं,
पंचवीसपैकी पंचवीस लिहून खाली रेघ मारते.
रोटेशनल डायनॅमिक्स फळीवर तसंच,
पाहुणा विसरून गेलेल्या बॅगेसारखं.
उघडायला संकोच वाटतो.

अमावस्येच्या दुसऱ्या पहाटे आईने हलवलं.
"चल गे, सुकती बरी आसा."
मिठबावच्या खडपांवर त्या वेळी समुद्र नव्हता,
नुसता त्याचा वास होता
आणि खाचांत अडकलेलं थोडं आभाळ.
बालदी, दोन टोचण्या, बाबांच्या जुन्या चपला.
मी पहिल्याच खडपाशी बसले.
कालवं अगदी हाताशी.

"थंय खंय बसलंस? आधी लांबचां.
पाणी पयलां थंयच येता."

"आणि ही?"

"ती जैबूनचाचीची.
तिका लांब चलाक होना नाय."

मग आम्ही लांब गेलो.
घोट्याएवढ्या पाण्यातून, शेवाळावरून, एकदा हातांवर.
टोचणीचं टोक फटीत, मनगट फिरवलं,
कालव उघडलं.
हाच टॉर्क, असं म्हणायचा मोह झाला.
म्हटलं नाही.
मनगटाला येतं ते सूत्राला येत नाही,
आणि सीईटी मनगट विचारत नाही.
तेवढ्यात शिंपल्याची धार बोटाला लागली
आणि मिठाने आपलं काम केलं.

आई घड्याळ लावत नाही.
मधूनच मान वर करून
एका ठरावीक काळ्या दगडाकडे बघते.
तो भिजला की उठायचं,
बालदी भरलेली असो, नसो.

घरी येऊन यादी पुन्हा केली. एकाच पेनाने.
वर रोटेशनल. त्याखाली थर्मोडायनॅमिक्स,
मग ती सगळी नावं
जी वाचताना मला पाणी प्यावंसं वाटतं.
लॉजिकची वही चाचीच्या इरफानला दिली,
त्याला क्लास नाही.
त्याने तिसऱ्या पानावर माझी चूक काढली.
पंचवीसपैकी चोवीस.

चार धडे खोडले.
तीन सहज गेले.
चौथा लाटांचा होता, सुपरपोझिशनचा.
त्याला गुण आहेत, मला तो आवडतोही,
पण एकोणीसचे आता सतरा झालेत
आणि तो निवांत बसल्याशिवाय कळत नाही.
खोडलं. परत लिहिलं. खोडलं.
त्या जागी कागद पातळ झाला,
पलीकडची मार्चची एक तारीख दिसायला लागली.

आज सुकती पावणेसातला.
मी न उठवता उठले.
लांबच्या खडपावर आई पुढे, मी मागे,
बोटाला चिकटपट्टी.
बऱ्याच वेळाने, वर न बघता तिने विचारलं,
"कितके सोडलंस?"

"चार."

एका बारक्या कालवाला तिने टोचणी लावून पाहिली,
काढून घेतली,
ते तसंच दगडावर ठेवलं.

"बरां," म्हणाली,
आणि काळ्या दगडाकडे बघितलं.